जाणाऱ्या पाण्याला सांगितलेलं नाव

कर्वेनगरात माझ्या माहेराजवळून एक रस्ता जातो. त्याला कॅनॉल रोड म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी तो नेमका आणून सोडतो, पण कॅनॉल तिथे नाही. माझ्या लहानपणी त्या जागी एक कोरडा, रुंद चर होता. त्यात घाणेरीची झुडपं माजलेली असत आणि उन्हाळ्यात सायकलवरून जाताना त्यांच्या पानांचा कडवट, उग्र वास घशाशी बसे. पुढे चर बुजला, रस्ता झाला, कडेला बाकडी आली. पाणी मी त्यात कधी पाहिलं नाही. कॅनॉल म्हणजे पत्त्यातला एक शब्द, एवढीच माझी समजूत होती.

वाहता कॅनॉल मला सासरी भेटला. धायरीला, नदीच्या पलीकडच्या अंगाला, खडकवासल्याच्या धरणातून निघालेला कालवा सासरच्या जमिनीला लागून जातो. शेत आता नाही. त्यावर चार इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीत, तिसऱ्या मजल्यावर, सासूबाई राहतात. स्वतःच्याच शेतात, पण जमिनीपासून तीन जिने वर. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या घरात सुना सासूला असंच म्हणतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालव्याकाठची करंजाची रांग दिसते. पाणी दिसत नाही, पण ते सुटलं की आत्याबाईंना कळतं. त्या भाजी निवडता निवडता थांबतात, मान किंचित कलती करतात आणि म्हणतात, "आलं." मला त्या वेळी रस्त्यावरच्या हॉर्नखेरीज काही ऐकू येत नसे.

त्या घरात एक रीत आहे. बाळ सव्वा महिन्याचं झालं की बाळंतीण त्याला घेऊन पहिल्यांदा पाण्यावर जाते. पाणी पुजणं पुष्कळ घरांत असतं. कुणी विहिरीवर करतात, कुणी आडावर. ह्यांची विहीर केव्हाच बुजली, म्हणून रीत कालव्यावर आली. काठावरचे पाच खडे वेचायचे, धुऊन ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटायच्या. ह्या घराचं निराळं असं की शेवटी आईने वाकून बाळाचं नाव पाण्याला सांगायचं, मोठ्याने. माझ्या नवऱ्याचं नाव त्या पाण्याला सांगितलेलं आहे. नणंदेचं आहे. दिरांच्या दोन्ही मुलांचं आहे.

माझी मुलगी पौषात झाली. सव्वा महिना भरला तेव्हा कालव्याला पाणी होतं. मी आदल्या दिवशी काठावर जाऊन पाहून आले. समोरून थर्माकोलची ताटली गेली, मग निर्माल्याची पिशवी, मग कुणाची तरी फाटकी उशी. घरी येऊन मी सांगितलं की बाळाला तिथे नेणार नाही. डॉक्टरांचं नाव पुढे केलं, त्यांना न विचारता. आत्याबाईंनी वेचून आणलेले पाच खडे ओट्यावर ठेवले. मग तोडगाही मीच काढला: न्हाणीघरात घासून लख्ख केलेली स्टीलची बादली, तिच्यात नळाचं पाणी, पुढ्यात पाच खडे.

"नळाचं पाणी तरी कुठलं? खडकवासल्याचंच की," मी म्हणाले. हा युक्तिवाद मला तेव्हा फार आवडला होता.

आत्याबाई कुंकवाची डबी मिटत म्हणाल्या, "नळाचं पाणी येतंय गं. कॅनॉलचं जातंय. नाव जाणाऱ्या पाण्याला सांगायचं असतंय."

"का?"

"म्हंजे खालच्यांना कळतं. लोणी, यवत, पार दौंडापातूर. हितं कोण आलंय ते."

मी बादलीत नाव सांगितलं. आवाज स्टीलच्या भिंतींना लागून माझ्याच तोंडावर परत आला.

पुढच्याच आठवड्यात आवर्तन संपलं, म्हणजे धरणातून कालव्यात सोडलेलं पाणी बंद झालं. मग दुरुस्तीची कामं निघाली, मग पावसाळा. त्याच सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी चर्चा सुरू झाली: हा कालवा कायमचा बंद होणार, पाणी जमिनीखालून बोगद्यातून नेणार, वर रस्ता होणार. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, "तुझ्या माहेरी झालाय तसा?"

मी हो म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला ती बादली डोळ्यांसमोर दिसू लागली. एका बाईने आपल्या घरातलं प्रत्येक मूल ज्या पाण्याच्या कानावर घालून ठेवलं होतं, त्यात एक नाव माझ्यामुळे राहिलं होतं, आणि आता ते पाणीच जायला निघालं होतं.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा नवऱ्याला कामासाठी तीन महिने नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट ह्या जुन्या शहरात राहायचं ठरलं. मी फोटो पाहिले. शेकडो वर्षांपूर्वी खणलेला कालवा शहराच्या ऐन मधून जात होता. त्याच्या दोन्ही काठांना विटांच्या पायऱ्या उतरत होत्या आणि खाली, पाण्याच्या अगदी पातळीला, चालायला धक्का होता. मला आपल्याकडचा घाट आठवला. आत्याबाई येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, "शहरभर कॅनॉल आहेत, आत्याबाई. स्वच्छ. आपलं राहिलेलं तिथे करू."

त्यांनी फोटो दूर धरून, जवळ धरून पाहिला. "पाणी हाय बाकी भरपूर," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या कालव्यावर जाऊन आल्या आणि रुमालात बांधलेले पाच खडे माझ्या हातात दिले. तिथे दगड नसतील असं त्यांना वाटलं असावं.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून रुमाल पुढे गेला आणि थांबला. गणवेशातल्या मुलीने तो सोडून पाहिला.

"हे काय आहे, मावशी?"

"खडे."

"कशासाठी?"

"नातीसाठी."

मुलीने खड्यांकडे पाहिलं, कडेवरच्या नातीकडे पाहिलं आणि रुमाल स्वतःच पुन्हा बांधून दिला. आमच्यापेक्षा घट्ट गाठ मारली तिने.

उट्रेक्टला आम्ही पोहोचलो ते पानगळीच्या तोंडावर. ते शहर माझ्या आठवणीत आधी ऐकू येतं, मग दिसतं. रस्त्याला दगडी फरसबंदी होती. बाबागाडी तिच्यावरून जाऊ लागली की मुलगी तोंड उघडून एक लांबलचक "आ" धरून ठेवी, आणि दगडादगडाला तो "आ" थरथरून तुटे, पुन्हा जुळे. तिला स्वतःचा आवाज असा हलताना ऐकायचा नादच लागला. घंटाघरातून दर पाव तासाने बारीक घंटांची एक सुरावट उतरे. ती संपेपर्यंत मुलगी गप्प बसे आणि संपली की पुन्हा "आ" सुरू. ओल्या विटांना शेवाळाचा वास येत असे, आणि दुपारी कुठूनतरी साखर करपल्यासारखा. आत्याबाई नऊवारीवर माझ्या नवऱ्याचं जुनं जाड जॅकेट आणि पायांत बूट घालून गाडीच्या बरोबरीने चालत. लोक हसून वाट देत. त्या कुणाकडे पाहत नसत. त्यांचं लक्ष पाण्याकडे असे.

"हे कुणाच्या रानाला जातंय?" त्यांनी पहिल्याच दिवशी मुलाला विचारलं.

"कुणाच्याच नाही, आई. पूर्वी मालाच्या होड्या चालायच्या. आता फिरायला."

"मग पाण्याची पाळी कुणाची असती?"

"पाळी नसते इथे."

"पाळी न्हाय, रान न्हाय," त्या म्हणाल्या, "आणि म्हने कॅनॉल." पण त्यांना राग नव्हता आला. ज्या पाण्यासाठी कुणी भांडत नाही असं पाणी त्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होत्या.

त्या महिन्यात मुलीचा एकच अभ्यास चाले. हातात येईल ते खाली टाकायचं आणि कुठे गेलं ते वाकून पाहायचं. चमचा, मोजा, बिस्कीट, नवऱ्याकडची घराची किल्ली. मी उचलून द्यायची, ती पुन्हा टाकायची. दहा वेळा पडलेला चमचा अकराव्यांदाही पडतो, हे तिला तपासून घ्यायचं असे.

एका सकाळी ऊन पडलं. नवरा कामावर गेला आणि आम्ही तिघी निघालो. मी हरभरे रात्रीच भिजत घातले होते. घुगऱ्यांचा डबा अजून गरम होता. बाबागाडी वर रेलिंगला लावली, मुलीला कडेवर घेतलं आणि विटांच्या पायऱ्या उतरून पाण्याशी आलो. धक्क्यावर लिंबासारख्या पिवळ्या पानांचा थर होता. पाय ठेवला की मऊ, ओला आवाज येई. मागे तळघरांची कमानीची दारं होती. एका दारापाशी म्हातारीशी बाई मातीची भांडी पुसून फळीवर मांडत होती. आम्ही खाली बसलो. मी रुमाल सोडला, खडे मांडले आणि हळदीची पुडी आत्याबाईंपुढे धरली.

त्यांनी पुडी घेतली नाही. काठाशी वाकून एक पिवळं पान उचललं, पाण्यात सोडलं आणि बघत राहिल्या. मीही पाहू लागले. पान जिथे सोडलं तिथेच राहिलं. काही वेळाने वाऱ्याची झुळूक आली तसं हातभर सरकलं, आणि वारा पडल्यावर फिरून काठाला येऊन लागलं.

"थांबलंय हे," आत्याबाई म्हणाल्या.

"हलतंय की थोडं."

"वाऱ्यानं हलतंय. कुठं जात न्हाय."

"आत्याबाई, इतक्या लांब आलोय. सगळं आणलंय. रीत म्हणून करायची ना? मग इथे काय नि तिथे काय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "रीत तुझी बादलीत झालीय."

आठ महिने त्या हे वाक्य जवळ बाळगून होत्या आणि तेवढेच महिने मी त्याची वाट पाहत होते. तरी ते लागलं. मी हळदीच्या पुडीची घडी घालू लागले. घडी नीट बसेना. परक्या देशातल्या त्या सुंदर उन्हात रडायची मला लाज वाटत होती. आत्याबाई पाण्याकडे पाहत बसल्या. घंटाघरातून सुरावट उतरली आणि संपली.

तेवढ्यात डुबुक असा आवाज झाला.

मुलगी माझ्या मांडीवरून सरकून ओळीपाशी पोहोचली होती. एक खडा तिने उचलला होता, पाण्यावर धरला होता आणि सोडला होता. आता ती ओणवून तो कुठे गेला ते शोधत होती. मी झडप घालून तिचा झगा धरला. पाण्यावर गोल गोल वलयं उमटून रुंद होत गेली.

आत्याबाईंचं तोंड आधी घट्ट मिटलं, मग खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. "धायरीचा एक हितं ऱ्हायला," म्हणाल्या. "जाऊ दे. सासर नको का त्याला कुठंतरी."

भांडीवाली बाई उठून आली. पाण्यात काही पडलं का, असं तिने इंग्रजीत विचारलं. दगड पडला, मी सांगितलं. महत्त्वाचा होता का, तिने विचारलं, आणि मी हो म्हणाले. ती आत गेली आणि विटेचा एक तुकडा घेऊन आली. पाण्याने झिजून गुळगुळीत झालेला, सुपारीहून थोडा मोठा. तिच्या तळघराच्या भिंतीतून केव्हातरी निखळलेला होता. तो तिने मुलीच्या हातात ठेवला, आणि आम्ही तो लगेच काढून घेतला, कारण पुढे काय होणार हे आता तिघींनाही ठाऊक होतं.

"काय म्हनती ती?"

"भरपाई देतेय."

"घे मग. मन बरं हाय बाईचं." त्यांनी तुकडा चार खड्यांबरोबर रुमालात बांधला. घुगऱ्यांचा डबा उघडून त्या बाईपुढे धरला. तिने एक दाणा उचलला, चावला, मग मूठभर घेतल्या. पूजा न होताच घुगऱ्या वाटल्या गेल्या, हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही आलं असणार.

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "कॅनॉल बंद झाला तर, आत्याबाई?"

"झाला तर झाला. थांबलेल्या पाण्याला सांगून तिचं नाव हितंच ठेवायचं का काय." बाबागाडी त्यांनी माझ्या हातून घेतली आणि ढकलत पुढे गेल्या. गाडीतला "आ" दगडांवरून थरथरत लांब जाऊ लागला.

जानेवारीत आम्ही पुण्याला परतलो. माझं काम कर्वेनगरजवळ होतं म्हणून आम्ही तिथे घर घेऊन राहिलो, आत्याबाई धायरीत. मुलगी चालू लागली. मग बोलू लागली: आधी पाणी, मग काऊ, मग नाही. माझे वडील तिला रोज समोर उभं करून "नाव सांग" म्हणत, आणि ती तिच्या तीन अक्षरी नावातली पहिली दोन अक्षरं सांगून पळून जाई. तिसरं तिला जड जात असे. धायरीचा कालवा कोरडाच होता. मी दर रविवारी फोनवर "पाणी?" म्हणून विचारी आणि आत्याबाई "न्हाय" म्हणत. कधी दोघींमध्ये तेवढंच बोलणं होई. बंद होण्याच्या बातम्या येत राहिल्या. मी त्या त्यांना सांगत नसे, आणि त्या टीव्हीवर पाहून मला सांगत नसत.

चैत्रात एका सकाळी त्यांचाच फोन आला. "आलंय. न्हाऊ घालून आण तिला."

मी कामावर येत नाही म्हणून कळवलं आणि ओल्या केसांच्या मुलीला घेऊन रिक्षाने निघाले. राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्त्याला लागलो. गर्दीत रिक्षा मुंगीच्या पावलाने चालली होती आणि मला वाटत होतं की पाणी आपल्या आधी निघून जाईल. आत्याबाई काठावर येऊन थांबल्या होत्या. जाळीच्या कुंपणाला एक फट आहे, ती धायरीतल्या सगळ्या बायांना माहीत आहे. तिथून आत शिरलो. करंजाला नवी पालवी फुटली होती, कोवळी, तेलकट चमकणारी. धुण्याच्या जुन्या पायऱ्यांचे दोन दगड अजून शाबूत होते. आणि पाणी होतं: चहासारखं तांबूस, जाड, घाईचं, काठाच्या काँक्रीटला घासत, एकसारखं बोलत जाणारं. प्लॅस्टिक वाहत होतं, निर्माल्य वाहत होतं. मी ते सगळं पाहिलं आणि मुलीचे बूट काढले.

त्या दिवशी, दगडावर बसल्यावर, मला तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. आत्याबाई तीन जिने वर भाजी निवडताना जो ऐकतात, तो.

त्यांनी चार खडे मांडले आणि पाचवा तो विटेचा तुकडा. पाणी लागताच तो गडद लाल झाला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. दोन्ही पाण्यात पडताक्षणी लांबट होऊन निघून गेली. आत्याबाईंनी माझा पदर आपल्या हाताला गुंडाळला, म्हणजे मी वाकले तर मला धरता यावं. मी मुलीला पोटाशी घट्ट धरून वाकले. मागे रस्त्यावर दोन मुलगे मोटारसायकल थांबवून पाहत होते. आयुष्यभर मी शब्दांवर जगले, पुस्तकं वाचली, शिकवली; आणि एक नाव, माझ्याच लेकीचं, उघड्यावर मोठ्याने उच्चारायला मला जमेना.

"सांग," आत्याबाई मागून म्हणाल्या.

मुलीला वाटलं, तिलाच सांगितलं. रोज तिचे आजोबा सांगायचे तसं. तिने पाण्याकडे पाहिलं आणि स्वच्छ, चढ्या आवाजात आपल्या नावाची पहिली दोन अक्षरं सांगितली.

पाणी ती घेऊन गेलं. पुलाखालच्या सावलीपर्यंत मी हळदीच्या एका पिवळ्या रेघेमागे नजर नेली, पुढे दिसेना.

"अर्धंच सांगितलं," मी म्हणाले.

"पुरे. उरलेलं यवतची मानसं विचारत येतील." त्यांनी ओल्या हाताने नातीच्या कपाळाला पाणी लावलं, मग माझ्या. त्या पाण्याला माती, लोखंड आणि कुजक्या पानांचा वास होता. ते मी पुसलं नाही.

घुगऱ्या त्यांनी आधी मोटारसायकलवरच्या मुलांना दिल्या. "बघत काय बसलाय, हात पुढं करा," म्हणाल्या. मग कुंपणापाशी बसलेल्या एका आजीला, मग आम्हाला. आम्ही पायरीवर बसून खाल्ल्या. मुलगी एक दाणा खात होती आणि एक पाण्यात टाकून तो कुठे जातो ते पाहत होती. या वेळी तो खरोखर जात होता, आणि ती दर वेळी अवाक् होऊन आमच्याकडे वळत होती.

"झालं ना आता?" मी विचारलं.

"झालं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ती बादली तेवढी मनातून काढ."

"मी कधीच काढली," मी म्हणाले.

"लबाड," आत्याबाई म्हणाल्या आणि पायरीवरून उठायला माझ्यापुढे हात धरला. त्यांना उठवताना माझा तोल जरा गेला. तेव्हा कळलं, पदर त्यांनी पुन्हा हाताला गुंडाळून ठेवला होता.